फॅट पीएस३ रोज १ जानेवारी २००० वर जातो, हा २०१० चाच बग आहे का?

गेमझोन_दारव्हा

भाऊ लोकहो, सल्ला पाहिजे. दुकानात तीन पीएस३, म्हणजे सोनीचे प्लेस्टेशन ३ गेम कन्सोल, आहेत. दोन जुने जाड, म्हणजे फॅट, आणि एक स्लिम. तिन्ही सेकंडहँड.

पहिल्या फॅटची तारीख रोज सकाळी १ जानेवारी २००० दाखवते. हाताने टाकली की दिवसभर बरोबर राहते, रात्री दुकान बंद केलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्या फॅटची तारीख ठीक आहे, पण सिस्टिम अपडेट लावला की मधातच थांबून ८००१०५०एफ असा एरर देते. स्लिमला काही त्रास नाही.

२०१० मध्ये जगभरातले फॅट एकाच दिवशी बिघडले होते, तारीख २००० झाली होती, एरर हाच होता आणि स्लिम वाचले होते, असं वाचलं. माझ्याकडे नेमकं तेच दिसून राहिलं. इथला रिपेअरवाला म्हणतो बोर्ड गेला. पोरांचे गेम सेव्ह आहेत, म्हणून फॉरमॅट करायचा नाही.

लाइनचं सांगून ठेवतो: रात्री मेन स्विच पाडूनच घरी जातो, कारण पहाटे व्होल्टेज लई खालीवर होते. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचंच आहे. हा तोच बग आहे का, आणि येत्या २८ फेब्रुवारीला पुन्हा येईल का?

वऱ्हाडी_सर्किट

भाऊ, तो बग नाही. तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड आहेत आणि योगायोगाने दोन्हींची लक्षणं २०१० सारखी दिसतात. बोर्ड बदलू नका. आधी २०१० मध्ये काय झालं ते समजून घ्या, म्हणजे आपोआप फरक कळेल.

१ मार्च २०१० ला, जीएमटीच्या मध्यरात्री ठोक ००:०० वाजता, स्लिम सोडून बाकी पीएस३ बिघडले. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते, धुळवडीचा दिवस. तारीख १ जानेवारी २००० झाली, प्लेस्टेशन नेटवर्कवर, म्हणजे सोनीच्या ऑनलाइन सेवेवर, साइन-इन केलं की ८००१०५०एफ, गेम लावला की ट्रॉफी, म्हणजे गेममधल्या कामगिरीची बक्षिसं, इन्स्टॉल होत नाहीत म्हणून गेम बंद करायला सांगायचा, भाड्याने घेतलेले व्हिडिओ चालेनात, आणि इंटरनेटवरून तारीख सेट करायला गेलं तर तेही होईना. सोनीने त्या दिवशी जुने कन्सोल वापरूच नका असं सांगितलं होतं, कारण ट्रॉफीच्या नोंदी बिघडण्याचा आणि काही डेटा परत न मिळण्याचा धोका होता. २४ तासांनी, म्हणजे आपल्या २ मार्चच्या पहाटे साडेपाचला, सगळं आपोआप सुरळीत झालं. कोणी काही दुरुस्त केलं नाही. आतलं घड्याळ २९ फेब्रुवारीवरून १ मार्चवर गेलं आणि प्रश्न संपला. जुन्या पीएस३ च्या घड्याळाने २०१० हे लीप वर्ष धरलं होतं, असं सोनीने स्वतः जाहीर केलं.

आता २०१० च का? आतला कोड सोनीने उघड केला नाही, पण एक गणित सगळ्या लक्षणांना बरोबर बसते. घड्याळाच्या चिपमध्ये वर्षाचे शेवटचे दोन अंक बहुधा बीसीडी पद्धतीने ठेवतात: प्रत्येक अंकाला स्वतंत्र चार बिट. १० लिहायचं तर पहिल्या चारात १, दुसऱ्या चारात ०, म्हणजे ०००१ ००००. हेच आठ बिट कोणी सरळ बायनरी आकडा म्हणून वाचले तर ते दहा राहत नाहीत, सोळा होतात. सोळाला चाराने भाग जातो, म्हणून लीप वर्ष.

०७, ०८, ०९ ला ही चूक दिसतच नाही, कारण नऊपर्यंत दोन्ही पद्धतींत आकडा एकच येतो. पीएस३ बाजारात आला नोव्हेंबर २००६ ला. म्हणजे पहिल्यांदा चुकायची संधीच २०१० ला होती. तोवरच्या कोणत्याही चाचणीत ते सापडलं नसतं, मुद्दाम तारीख पुढे ढकलून पाहिल्याशिवाय.

मग चिप म्हणते आज २९ फेब्रुवारी २०१०. वरची सिस्टिम म्हणते अशी तारीखच नसते. तारीख नामंजूर झाली की ट्रॉफी, लायसन्स, साइन-इन, जे जे वेळेचा शिक्का मागते ते सगळं अडते. तारीख हाताने बदलून पाहणाऱ्यांना उपयोग झाला नाही तो यामुळेच. चिपची मोजणी खाली आपली चालूच राहते. कन्सोल बंद ठेवणाराही सुटला नाही, चिप बंद कन्सोलमध्येही सेलवर चालते.

येत्या २८ फेब्रुवारीचं विचारलं म्हणून सांगतो. ही चूक तशीच राहिली असती तर ती २०१४ आणि २०१८ लाही खोटा लीप दिवस आणायला पाहिजे होती, आणि २०१२, २०१६ ला खरा लीप दिवस खायला. कारण बीसीडी बायनरी म्हणून वाचलं की दशकाच्या अंकाचे सोळाच्या पटीत आकडे होतात, त्यांना चाराने भाग जातोच. उरतो फक्त शेवटचा अंक. तो ०, ४ किंवा ८ असला की लीप. दशकाचा अंक सम असेल, जसं २०२०चं दशक, तर हे उत्तर खऱ्या कॅलेंडरशी जुळते. विषम दशकात चुकते. २०१४ आणि २०१८ ला असा जगभर गोंधळ झाला नाही. तेव्हा तुम्ही निर्धास्त राहा.

तुमचा कन्सोल रोज २००० वर जातो आणि हाताने दिलेली तारीख दिवसभर धरून ठेवतो. २०१० चा कन्सोल इंटरनेटवरून तारीख घ्यायलाच तयार नव्हता, आणि हाताने बदलूनही उपयोग होत नव्हता. हा मोठा फरक आहे.

टॉर्क्स_टी१०

वरच्या दादांनी कारण सांगितलं, मी उपाय सांगतो. पहिल्या फॅटचा घड्याळाचा सेल गेला आहे. सीआर२०३२, ३ व्होल्ट, २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. वजनकाट्यात, कारच्या रिमोटमध्ये असतो तोच, पण पीएस३ मधल्याला दोन वायरी आणि टोकाला छोटा पांढरा कनेक्टर असतो.

उघडण्याआधी खात्री करून घ्या. तारीख सेट करा. समोरचं बटण दाबून कन्सोल बंद करा, लाल दिवा चालू राहू द्या, मेन स्विच पाडू नका. तासाभराने सुरू करा. तारीख टिकली पाहिजे. मग पुन्हा सेट करा आणि या वेळी मेन स्विचही पाडा. तासाभरात, फार तर रात्रभरात तारीख गेली, तर सेलच. लाल दिवा चालू असताना घड्याळाला मेनची वीज मिळते, सेलवर भार येत नाही. तुम्ही रोज रात्री मेन पाडता म्हणजे रोज दहा-बारा तास सगळा भार त्या सेलवर. वर्षानुवर्षं तसंच चाललं तर तो लवकर मरतोच. आणि लाल दिव्यावर असतानाही तारीख गेली, तर मात्र सेल सोडून दुसरीकडे पाहावं लागेल.

सेव्हचा बॅकअप आधी. गेम मेनूमध्ये सेव्ह्ड डेटा युटिलिटी, सेव्हवर त्रिकोण दाबा, कॉपी, पेनड्राइव्ह. पेनड्राइव्ह फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला असला पाहिजे (जाड कन्सोलच्या फॅटशी याचा संबंध नाही), नाहीतर पीएस३ ला दिसणार नाही. काही गेमचे सेव्ह कॉपी होऊ देत नाहीत, ते तसेच राहू द्या. सेल बदलल्याने हार्ड डिस्कवरचं काही जात नाही, बॅकअप फक्त काळजी म्हणून.

आता उघडणं. वायर काढा, पाच-दहा मिनिटं थांबा. फॅटच्या वरच्या झाकणाला एक स्क्रू रबरी बुचाखाली लपलेला असतो. तो टी१० टॉर्क्स आहे आणि मधात खुंटी आहे, म्हणून मधात भोक असलेला टी१० बिट लागतो. साधा टॉर्क्स बसत नाही, आणि पेचकस ठोकून फिरवला तर स्क्रू घासून जातो, मग ड्रिलच लावावा लागते. स्लिमला हाच प्रकार, पण टी८. बिटचा सेट घेताना दोन्ही आहेत का पाहून घ्या. तो स्क्रू निघाला की वरचं चकचकीत झाकण सरकवून काढायचं, त्याखाली साधे प्लस स्क्रू. लांबी वेगवेगळी असते, म्हणून कागदावर कन्सोलचा आकार काढून त्या त्या जागी स्क्रू टोचून ठेवा. आधीच्या फॅटमध्ये कार्ड रीडर असतो, त्याची पातळ पट्टीची केबल असते. झाकण उपटून काढू नका, हळूच एका कडेने उचला.

सेलची जागा मॉडेलनुसार बदलते. पत्र्याच्या आवरणाजवळ गोल, लाल-काळ्या दोन वायरी असलेला, शोधायला अवघड जात नाही. त्याच्या कडेवर पांढुरकी किंवा हिरवट पूड दिसली तर सेल गळला आहे. ती इयरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, कनेक्टरचे पिनही पाहा. कनेक्टर ओढताना वायरीला धरू नका, प्लास्टिकला नखाने दोन्ही बाजूंनी हलवत काढा. वायर तुटली की बोर्डावरचा सॉकेट उपटायची भीती असते.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. नवा सेल ३ च्या थोडा वर दाखवतो. २.७ च्या खाली असला तर टाकून द्या.

बाजारातून साधा बटण सेल आणून त्यावर कावीयाने, म्हणजे सोल्डरिंग आयर्नने, वायरी जोडू नका, हे हात जोडून सांगतो. लिथियम सेल तापला की फुगतो, फुटतोही, आणि नाही फुटला तरी अर्धा मरतो. टॅब लावलेला, म्हणजे पत्र्याच्या दोन पट्ट्या आधीच वेल्ड केलेला सीआर२०३२ मिळतो. पट्ट्यांवर जुन्या वायरी जोडा, लाल प्लसला, वर हीट श्रिंक नळी चढवा. नाहीतर वायर-कनेक्टरसह तयार सेल मागवा, नागपूरला सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचारा. जुना कनेक्टर सोबत न्या आणि वायरींची बाजू जुळवून घ्या, काही सेलमध्ये लाल-काळी उलट असते. आणि एलआयआर२०३२ घेऊ नका. दिसायला सारखाच, पण तो चार्जिंगचा, पूर्ण भरला की ४.२ व्होल्टपर्यंत जातो.

गेमझोन_दारव्हा

लई आभार दादा. सांगितल्याप्रमाणे पाहिलं. लाल दिव्यावर तारीख टिकली, मेन पाडल्यावर गेली. सेल मोजला तर १.९ व्होल्ट. टॅबवाला बसवला, आता तारीख टिकून राहिली. पण इंटरनेटवरून तारीख घ्यायला गेलो तर पीएस३ ला मोबाइलचा हॉटस्पॉटच दिसत नाही. दुसऱ्या मोबाइलला तोच हॉटस्पॉट दिसतो.

पुसदची_रेंज

दादा, हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल. पीएस३ चं वाय-फाय जुनं, फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखते. मोबाइलच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड २.४ करा. सुरक्षेत डब्ल्यूपीए३ असेल तर डब्ल्यूपीए२ करा. नाव साधं, स्पेस नसलेलं ठेवा.

जोडलं गेलं की सेटिंग्ज, डेट अँड टाइम सेटिंग्ज, तिथे आधी टाइम झोन भारताचा, जीएमटी अधिक ५:३० आहे का पाहा. मग डेट अँड टाइममध्ये सेट व्हाया इंटरनेट. झोन चुकीचा असेल तर इंटरनेटवरून घेतलेली वेळही चुकीचीच दिसेल आणि लोकांना वाटते घड्याळ खराब.

साइन-इन करण्याआधी तारीख बरोबर करायचीच. तारीख २००० असली की सुरक्षित सर्व्हरची प्रमाणपत्रं अजून सुरूच झाली नाहीत असं यंत्राला वाटते आणि जोडणी नाकारली जाते. आणि अकाउंटला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलं असेल तर पीएस३ वर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. मोबाइलवर अकाउंटच्या सुरक्षा पानावरून डिव्हाइस सेटअप पासवर्ड काढा आणि तो टाका. पुष्कळ लोक इथे अडून घड्याळाला दोष देतात.

वऱ्हाडी_सर्किट

आता दुसरा फॅट. तारीख बरोबर असताना अपडेटमध्ये ८००१०५०एफ येते, म्हणजे याचा घड्याळाशी संबंध नाही. अपडेट करताना सिस्टिम आतल्या भागांशी बोलते: ब्लू-रे ड्राइव्हचा बोर्ड, ब्लूटूथ-वायफाय. त्यातला एखादा उत्तर देत नसला की अपडेट मधातच सोडते आणि हाच आकडा टाकते.

कोणता भाग गप्प आहे ते न उघडताच बरंचसं कळते. कंट्रोलर यूएसबी वायरीने चालतो पण वायर काढली की सुटतो, आणि वाय-फाय स्कॅनमध्ये शेजाऱ्याचंही नेटवर्क दिसत नाही? मग ब्लूटूथ-वायफायकडे पाहा. डिस्क आत ओढतच नाही, बाहेर काढायच्या बटणावर बीप वाजते पण काही हलत नाही? मग ड्राइव्ह. तुमचा सेकंडहँड आहे, म्हणून आधी एक विचारा: आधीच्या मालकाने ड्राइव्ह बदलला होता का? ड्राइव्हचा सर्किट बोर्ड त्या कन्सोलच्या मुख्य बोर्डाशी जोडी बांधलेला असतो. दुसऱ्या कन्सोलचा पूर्ण ड्राइव्ह बसवला तर गेम डिस्क चालत नाही. लेन्स किंवा यांत्रिक भाग बदलता येतो, पण हिरवा बोर्ड मूळचाच परत लावावा लागतो.

उघडल्यावर पहिलं काम म्हणजे पट्टीच्या केबल. ड्राइव्हची रिबन काढा, टोकं अल्कोहोलने पुसा, सरळ बसवा, लॉकची पट्टी पूर्ण दाबा. आपल्याकडे, त्यातही जिनिंगच्या गावात, कापसाची बारीक तूस पंख्यातून आत जाते आणि धुळीसोबत सगळीकडे बसते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळा गरगर फिरू देऊ नका.

अपडेट पुन्हा करताना पेनड्राइव्हने करा, हॉटस्पॉटवर नको. फॅट३२, त्यात पीएस३ नावाचं फोल्डर, त्याच्या आत अपडेट नावाचं, दोन्ही इंग्रजी मोठ्या अक्षरांत. फाइलचं नाव पीएस३यूपीडीएटी.पीयूपी, अपडेट शब्दाचा शेवटचा ई त्यात नाही. एक अक्षर चुकलं तरी फाइल सापडत नाही म्हणते.

सेफ मोडची गरज पडली तर: लाल दिव्यावरून बटण दाबून धरा, कन्सोल सुरू होऊन पुन्हा बंद होईपर्यंत सोडू नका. मग परत दाबून धरा. एक बीप, मग दुसरी, मग लागोपाठ दोन बारक्या, तेव्हा सोडा. सहा पर्याय येतात. ३ नंबर फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करतो, ४ नंबर डेटाबेस नव्याने बांधतो. या दोन्हींनी सेव्ह जात नाहीत. ५ नंबर सगळं पुसतो. रिपेअरवाल्याच्या हातात कन्सोल देण्याआधी हे त्याला स्पष्ट सांगा.

टॉर्क्स_टी१०

लाइनचं राहून गेलं. सेल नवा टाकला म्हणून आता मेन रात्री चालू ठेवा असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात आणि वळवाच्या दिवसांत प्लग काढूनच ठेवा, विजेचा एक झटका पॉवर सप्लाय घेऊन जातो आणि त्याच्यापुढे सेलची किंमत काहीच नाही. सेल काही वर्षांनी बदलायचा माल आहे.

फॅटची वायर तीन पिनची आहे, कॉम्प्युटरची असते तीच. तिसरी पिन अर्थिंगची. दुकानात अर्थिंग खरंच आहे का तपासा: मल्टिमीटर एसीवर ठेवून फेज आणि अर्थ यांच्यात मोजा, फेज आणि न्यूट्रलइतकंच दाखवलं पाहिजे. नसलं तर टीव्ही-कन्सोलच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, आणि चालू असताना एचडीएमआय काढली-घातली की पोर्ट उडतो. स्लिमला दोन पिनची वायर, तिथे अर्थ येत नाही, म्हणून एचडीएमआय नेहमी दोन्ही बंद असताना लावा.

यूपीएस लावायचा तर सुरुवातीचे फॅट खेळताना दोनशे वॅटच्या आसपास घेतात, टीव्ही वेगळा. ६०० व्हीएचा यूपीएस एका कन्सोल-टीव्हीला पाच-सात मिनिटं देतो. खेळत बसायला नाही, सेव्ह करून नीट बंद करायला. लाइन अचानक गेली की पुढच्या वेळी फाइल सिस्टिम तपासू का म्हणून विचारते, तेव्हा तपासू द्या, घाईने टाळू नका.

पुसदची_रेंज

वर लीप वर्षाचं निघालं म्हणून एक जोडते. असाच प्रकार ३१ डिसेंबर २००८ ला मायक्रोसॉफ्टच्या ३० जीबीच्या झ्यून म्युझिक प्लेयरवर झाला होता. त्यातल्या घड्याळाचा कोड दिवसांवरून वर्ष काढताना ३६५ वजा करत जायचा. लीप वर्षाच्या ३६६ व्या दिवशी दिवस ३६५ पेक्षा जास्त, म्हणून फेरा थांबत नाही. पण ३६६ पेक्षा जास्त नाही, म्हणून वजाबाकीही होत नाही. प्लेयर सुरू होतानाच तिथे अडकून बसायचा. उपाय एकच होता: बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला चार्ज करून सुरू करा.

गेमझोन_दारव्हा

दुसऱ्या फॅटचा ड्राइव्ह उघडला. रिबनच्या लॉकची एक बाजू उघडीच होती आणि टोकावर तूस. पुसून बसवली, पेनड्राइव्हने अपडेट झालं. शेवटचा प्रश्न: एक पीएस४ घेऊन राहिलो आहे. त्यातही सेलचा असा त्रास आहे का?

वऱ्हाडी_सर्किट

आहे, आणि एकेकाळी पीएस३ पेक्षा वाईट होता. सेल मेला आणि प्लेस्टेशन नेटवर्कशी संपर्क नसला तर डिस्कवरचा गेमही सुरू होत नव्हता, कारण ट्रॉफीची वेळ पडताळता येत नव्हती. सप्टेंबर २०२१ च्या ९.०० सॉफ्टवेअरमध्ये ते दुरुस्त झालं. म्हणून विकत घेताना सेटिंग्ज, सिस्टिम, सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्ये आकडा ९.०० किंवा वरचा आहे का पाहा. मग प्लग काढून पंधरा मिनिटं ठेवा, इंटरनेट बंद ठेवूनच सुरू करा आणि तारीख पाहा. इंटरनेट चालू असलं तर तारीख लगेच नेटवरून येते आणि मेलेला सेल लपून जातो. पीएस३ वर प्लेस्टेशन स्टोअरवरून डाउनलोड केलेले गेम असतील तर त्यांनाही हीच अडचण येते, सेल मेला की नेटवर्कवरून वेळ मिळेपर्यंत ते उघडत नाहीत. डिस्कचे चालतात. पोरांचे डिजिटल गेम ज्या कन्सोलवर आहेत त्याचा सेल आधी बदलून टाका.